उन्हाळ्यातील अंगण : वऱ्हाडी घरापुढील सावलीची तजवीज

होळी पेटली की वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या कामाचे स्वरूप पालटते. कापसाची वेचणी संपलेली असते, तूर खळ्यावरून घरात आलेली असते, गहू-हरभऱ्याची कापणी उरकत आलेली असते. पुढे मृग नक्षत्र लागेपर्यंत जे अडीच-तीन महिने मिळतात, तेच घरातील लग्नकार्याचे, पाहुण्यारावळ्यांचे, वाळवणाचे व थोड्याफार विश्रांतीचे दिवस होत. नेमक्या याच दिवसांत ऊन मात्र अत्यंत कडक असते. अकोला जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढणे नित्याचे आहे. मे २०२० मध्ये तर ते ४७ अंशांच्याही वर गेले होते. अशा काळात घरापुढील अंगण कसे असावे, हा प्रश्न केवळ शोभेचा नसून कुटुंबाच्या आरोग्याचाही आहे.

अकोल्याच्या आग्नेयेस, अकोला-पूर्णा लोहमार्गावर वसलेले बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव कालंका देवीच्या यादवकालीन दगडी मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. याच तालुक्यात महान येथे काटेपूर्णा नदीवर धरण आहे. गावात व आसपासच्या खेड्यांत जुन्या पद्धतीची घरे अजूनही पाहावयास मिळतात. जाड मातीच्या भिंती, पुढे ओटा, ओट्यापुढे शेणाने सारवलेले अंगण व अंगणाच्या कडेला कडुनिंब, अशी त्यांची मांडणी असते. अलीकडे बांधलेल्या पुष्कळ घरांत मात्र ओट्याची जागा फरशीने, अंगणाची जागा सिमेंट-काँक्रीटने व निंबाची जागा टिनाच्या छपरीने घेतली आहे. अंगण स्वच्छ व टापटीप दिसू लागले ही गोष्ट खरी. परंतु दुपारी तेथे पाय ठेववत नाही आणि रात्री बाराच्या ठोक्यापर्यंत तळातून वाफा येत राहतात. यास्तव जुन्या मांडणीतील शहाणपण कोणते व त्यात आजच्या ज्ञानाने कोणती भर घालता येईल, याचा विचार उपयुक्त ठरेल.

सूर्य कोठून तापतो?

बार्शीटाकळी सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या २२-२३ तारखेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली त्या क्षणी खांबाच्याच पायाशी पडते. पुढे सूर्य पश्चिमेकडे कलतो व मावळताना ठीक पश्चिमेस न मावळता सुमारे २२ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणजेच उन्हाळ्यातील सर्वांत त्रासदायक ऊन, दुपारी तीन ते सहाचे, पश्चिमेकडून व वायव्येकडून येते. उष्ण वाऱ्याच्या झळाही बहुधा याच दिशांनी येतात.

यावरून मांडव घालण्याचा एक साधा नियम निघतो. मेअखेरीस दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. त्या वेळी वस्तूची सावली तिच्या उंचीइतकीच लांब पडते. मांडव ८ फूट उंच असेल तर त्याची सावली ८ फूट पूर्वेकडे सरकलेली असते. पाच वाजता ती उंचीच्या दुपटीहूनही अधिक सरकते. म्हणून जेथे बाज टाकावयाची त्या जागेच्या बरोबर वर मांडव घालून भागत नाही. मांडव पश्चिमेकडे सात-आठ फूट पुढे काढावा, अथवा त्याची पश्चिम बाजू तुराट्यांच्या कुडाने किंवा बांबूच्या तट्ट्याने झाकावी. पूर्व व दक्षिण बाजू मोकळ्या ठेवल्यास वारा खेळता राहतो. चारही बाजू बंद केलेला मांडव दिसावयास बंदिस्त वाटला तरी आत कोंडलेली हवा माणसास अस्वस्थ करते.

अंगणाचे दोन भाग

उन्हाळ्यात अंगणाकडून तीन कामे हवी असतात. दुपारी बसावयास सावली, दिवसा कुरडया-पापड-सांडगे व मिरच्या वाळविण्यास ऊन आणि रात्री निजावयास मोकळे आकाश. ही तीन कामे दोन भागांत उत्तम होतात. ओट्याला लागून असलेला भाग मांडवाखाली घ्यावा. पुढचा भाग उघडा ठेवावा. दिवसा तेथे वाळवण होईल व रात्री बाजा पडतील.

रात्री मांडवाखाली निजू नये, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दिवसभर तापलेली जमीन, भिंती व भांडी रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्यास ही क्रिया जलद होते. वर टिनाचे किंवा दाट डहाळ्यांचे आच्छादन असल्यास मात्र ती अडते. मे महिन्यात पहाटेचे तापमान बहुधा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. उघड्या अंगणात निजणाऱ्यास त्याचा लाभ मिळतो, तर टिनाखाली निजणारा घामाने भिजतो. म्हणून दिवसा मांडव व रात्री चांदणे, हा वऱ्हाडातील जुना रिवाज शास्त्राच्या कसोटीसही उतरतो. विंचू-सापापासून रक्षण व्हावे म्हणून जमिनीवर न निजता बाजेवर निजावे, बाज भिंतीपासून दूर ठेवावी व मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

जमीन

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. तीवर केलेली फरशी लवकरच उखडते. अंगणासाठी वरची भुसभुशीत काळी माती सुमारे अर्धा फूट काढून तेथे मुरूम भरावा, पाणी शिंपून धुमसाने ठोकावा व घरापासून बाहेरच्या बाजूस दर ५० फुटांस एक फूट याप्रमाणे उतार द्यावा. अशा जमिनीवर शेणसडा चांगला बसतो, धूळ उडत नाही व पावसाळ्यात चिखल होत नाही. सिमेंटचे अंगण आधीच झालेले असल्यास ते उखडण्याचे कारण नाही. त्याच्या पश्चिम कडेस दोन-तीन फूट रुंदीचा मातीचा पट्टा ठेवून तेथे वेल व झुडपे लावली आणि मांडवाची सावली त्यावर घेतली तरी ताप पुष्कळ कमी होतो.

सायंकाळी सडा घालण्यामागेही कारण आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. एप्रिल-मेमध्ये दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असल्याने हे पाणी झपाट्याने उडते व जमीन निवते. माठातील पाणी व वाळ्याच्या ताट्या याच तत्त्वाने गार होतात. मात्र ऊन डोक्यावर असताना सडा घालणे म्हणजे पाण्याचा अपव्यय होय. सूर्य कलल्यावर १० फूट लांब व १० फूट रुंद जागेस एक बादली पाणी पुरेसे होते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तेथे यासाठी भाजी-धान्य धुतलेले पाणी राखून ठेवावे.

मांडव कशाचा घालावा?

मांडवाच्या मेढी बाभळीच्या, निंबाच्या किंवा चांगल्या पोसलेल्या बांबूच्या असाव्यात. त्या दोन फूट खोल गाडाव्यात व गाडावयाचा भाग डांबर लावून घ्यावा, म्हणजे वाळवी लागत नाही. त्यांवर आडवे बांधून वर तुराट्यांचा थर पसरावा. लग्नकार्यासाठी आंब्या-जांभळाच्या डहाळ्या घालण्याची रीत शुभ व सुंदर आहे, परंतु डहाळ्या आठ-दहा दिवसांत वाळतात व पाने गळतात. केवळ त्यासाठी झाडे ओरबाडू नयेत. खाली तुराट्यांचा कायमचा थर व वर शोभेपुरत्या चार डहाळ्या, अशी योजना केल्यास झाडही वाचते व मांडवही मोसमभर टिकतो. हल्ली बाजारात मिळणारी हिरवी शेडनेटही वापरता येते. ती एकेरी न लावता दोन थरांत, मध्ये अर्धा फूट पोकळी ठेवून लावल्यास वरच्या थराचा ताप खाली कमी पोहोचतो.

टिनाची छपरी आधीच उभी असल्यास तिच्यावर तुराट्यांचा किंवा कडब्याचा थर वाऱ्याने उडणार नाही असा बांधावा, अथवा उन्हाळ्याच्या आरंभी चुन्याचे दोन पांढरे हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग बराचसा प्रकाश परतवून लावतो व खालचा उकाडा कमी होतो.

पऱ्हाट्यांविषयी सावधगिरी

बार्शीटाकळीच्या परिसरात कपाशी हे महत्त्वाचे पीक असल्याने मांडव, कुड व सरपण यांसाठी पऱ्हाट्या सर्वत्र वापरल्या जातात. येथेच एक मोठा धोका दडलेला असतो. पऱ्हाटीवर राहून गेलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून राहते. दोन सरक्या एकमेकींस चिकटवून ती आत उन्हाळा काढते व पुढील पाऊसकाळाच्या सुमारास तिचे पतंग बाहेर पडून नव्या कपाशीकडे वळतात. सन २०१७ च्या खरिपात या अळीने विदर्भातील कपाशीचे जे नुकसान केले, ते शेतकरी विसरलेले नाहीत. ज्या अंगणात पाहुण्यांचे स्वागत होते, त्याच अंगणातील मांडवात पुढील हंगामाचा शत्रू पोसला जाऊ नये.

यासाठी पुढील काळजी घ्यावी. पहिली गोष्ट, मांडवासाठी शक्यतो तुराट्याच वापराव्यात. दुसरी, पऱ्हाट्या वापरणे भागच असेल तर त्या घरी आणण्यापूर्वी शेतातच शेळ्यामेंढ्या चारून घ्याव्यात आणि उरलेले प्रत्येक बोंड व कवडी हाताने तोडून नष्ट करावी. तिसरी, फरदड घेण्याचा मोह टाळून डिसेंबरअखेर कपाशी उपटावी, म्हणजे अळीची साखळी तुटते. चौथी, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर किंवा अंगणाच्या कोपऱ्यात पावसाळ्यापर्यंत ठेवू नयेत. त्यांचे तुकडे करून शेणखताबरोबर कुजविल्यास जमिनीस सेंद्रिय अन्न मिळते. मांडवास लावलेल्या पऱ्हाट्याही मृगापूर्वी उतरवून अशाच रीतीने संपवाव्यात.

हिरवा मांडव

वेलींचा मांडव हा तुराट्यांच्या मांडवाहून एका बाबतीत सरस आहे. वाळलेली तुराटी स्वतः तापते, हिरवे पान मात्र बाष्प सोडून थंड राहते. शिवाय त्यापासून भाजी मिळते ती वेगळीच. इटलीतील खेड्यांत घरापुढे द्राक्षवेलीचा मांडव घालतात व उन्हाळ्यात कुटुंब त्याखाली जेवते. वऱ्हाडात तेच काम दोडका, दुधी भोपळा, कारले व तोंडली करू शकतात. दोडका, दुधी व कारले जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत टोकल्यास एप्रिलमध्ये मांडव भरू लागतो. तोंडलीची छाट कलमे एकदा लावली की वेल काही वर्षे टिकतो. केवळ सावली व फुले हवी असल्यास मधुमालती किंवा कृष्णकमळ लावावे. हे वेल मांडवाच्या पश्चिम बाजूनेच चढवावेत, म्हणजे तिरप्या उन्हास हिरवा पडदा मिळतो.

पाण्याचा प्रश्न न्हाणीच्या सांडपाण्याने सुटू शकतो. न्हाणीचे पाणी गटारात न सोडता दोन फूट खोल खड्ड्यातून, दगडगोटे, बारीक खडी व वाळू यांच्या थरांतून गाळून घ्यावे व पुढे कर्दळ, अळू यांच्या वाफ्यातून वेलींकडे न्यावे. पाणी एका जागी साचून राहू देऊ नये. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली, तेथे घरापुढे वाहते गटार असावे ही लाजेची गोष्ट होय. तेच पाणी वेलीस मिळाले तर स्वच्छता व सावली दोन्ही साधतात.

कडुनिंब

मांडव दरवर्षी घालावा लागतो, निंब एकदाच लावावा लागतो. पावसाळ्याच्या आरंभी अंगणाच्या पश्चिमेस किंवा वायव्येस, भिंतीपासून १२ ते १५ फुटांवर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात माती व कुजलेले शेणखत भरून रोप लावावे. पहिले दोन उन्हाळे रोपाजवळ मातीचे मडके गाडून त्यात पाणी भरत राहिल्यास थोड्या पाण्यात रोप जगते. पाच-सहा वर्षांत त्याखाली दोन बाजा मावतील इतकी सावली होते. वड व पिंपळ यांच्या मुळ्या भिंतीत शिरतात म्हणून ते घराजवळ लावू नयेत.

निंबाचा आणखी एक उपयोग शेतकऱ्याने विसरू नये. त्याच्या निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पिकून अंगणातच पडतात. त्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पाच किलो निंबोळ्यांची पूड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून त्यात पाणी घालून १०० लिटर केल्यास ५ टक्के निंबोळी अर्क तयार होतो. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून कपाशीवरील रसशोषक किडींसाठी फवारता येतो.

पाहुण्यांची सरबराई

अंगण सजविण्यास खर्चाची आवश्यकता नसते. ओट्याच्या कडेला गेरूचा पट्टा व भिंतीस चुन्याचा हात, अंगणात शेणसडा व त्यावर रांगोळी, दारास आंब्याच्या पानांचे तोरण, सुतळीने घट्ट विणलेल्या दोन बाजा, त्यांवर धुतलेल्या गोधड्या आणि सावलीच्या कोपऱ्यात तिवईवर माठ, एवढ्याने अंगणास शोभा येते. अक्षय्य तृतीयेस नव्या घागरीची पूजा होते, तेव्हाच माठही नवा घ्यावा. माठातील पाण्यात वाळ्याचे जुडगे सोडल्यास पाणी सुगंधी होते. रात्री एकच प्रखर पांढरा दिवा बसण्याच्या जागेवर टांगू नये, कारण किडे त्यावरच गोळा होतात. पिवळसर मंद दिवा थोड्या अंतरावर लावल्यास हा उपद्रव कमी होतो.

उन्हातून आलेल्या पाहुण्यास प्रथम पाणी, मग पन्हे, ताक किंवा ज्वारीची आंबील द्यावी. बर्फ टाकलेल्या रंगीत पेयांपेक्षा ती स्वस्त व गुणकारी असतात. सायंकाळच्या जेवणासाठी रोडगे, वांग्याची भाजी व तुरीचे घट्ट वरण यांसारखा बेत वऱ्हाडात दुसरा नाही. गव्हाच्या जाड पिठाचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात व ते काम उघड्यावरच होते. येथे दिशेचा विचार अवश्य करावा. वारा बहुधा पश्चिमेचा असल्याने निखारे मांडवाच्या व कडब्याच्या गंजीच्या पूर्वेस, किमान ३० फुटांवर पेटवावेत, म्हणजे ठिणगी वाळलेल्या तुराट्यांवर जाणार नाही. जवळ पाण्याने भरलेल्या दोन घागरी व वाळूचे एक घमेले तयार असावे. जेवण आटोपल्यावर निखारे पाणी ओतून पूर्ण विझवावेत. उन्हाळ्यात वाळलेल्या मांडवास लागलेली आग क्षणात गंजीपर्यंत व गोठ्यापर्यंत पोहोचते.

आरोग्याच्या दृष्टीने

सावली, वारा व पाणी यांची खरी कसोटी घरातील वृद्ध, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यावर लागते. दुपारी बारा ते चार या वेळात त्यांस मांडवाखाली किंवा जाड भिंतीच्या घरात ठेवावे. लग्नाच्या मांडवात पंगतीस वाढणारी मंडळी, चुलीपाशी राबणाऱ्या बाया व वाजंत्रीवाले यांच्याकडे पाहुण्यांइतकेच लक्ष द्यावे, कारण उन्हाचा तडाखा बहुधा त्यांनाच बसतो. एखाद्यास चक्कर, तीव्र डोकेदुखी किंवा ओकारी सुरू झाली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे अंग तापून ४० अंशांवर गेले, तर तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व शुद्ध हरपत असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर असलेल्यास क्षारसंजीवनीचे पाणी थोडे थोडे द्यावे.

साठवणीच्या रांजणांत डासांची पैदास होते व त्यातून डेंग्यूचा प्रसार होतो. यासाठी आठवड्यातून एक दिवस सर्व रांजण, माठ व हौद रिकामे करून, आतून घासून, उन्हात कोरडे करावेत व इतर दिवशी ते फडक्याने झाकून ठेवावेत. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परळाचे पाणीही रोज बदलावे.

कामाचे वेळापत्रक

डिसेंबरअखेर कपाशी उपटून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत वेलींचे बी टोकावे व तुराट्या निवडून राखून ठेवाव्यात. मार्चमध्ये मुरूम टाकून अंगण ठोकावे, मांडव उभा करावा, टिनास चुना द्यावा. एप्रिल-मेमध्ये मांडवाचे बंध दर पंधरवड्यास तपासावेत, कारण वळवाच्या पावसाबरोबर येणारे वारे सैल मांडव उचलून नेतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगापूर्वी, मांडव उतरवून मेढी कोरड्या जागी ठेवाव्यात. पाऊस स्थिरावताच निंबाचे रोप लावावे.

यांपैकी कोणत्याही कामास मोठा पैसा लागत नाही. तुराट्या शेतातील, मुरूम जवळच्या टेकाडाचा, पाणी न्हाणीचे व श्रम घरातले. दिवसा दाट सावली व रात्री मोकळे आकाश देणारे असे एक अंगण प्रत्येक घरापुढे असावे, म्हणजे वर्षभर राबलेल्या शेतकरी कुटुंबास मृगाच्या पेरणीपूर्वी खरीखुरी विश्रांती मिळेल आणि आलेला पाहुणाही समाधानाने उठेल.